मिस पर्सिस, कंपनी क्रमांक ८८१४

मित्रांनो, डोळ्यांना विचाराल तर मी एक जुनी होडी आहे. लाकडाची, एका शिडाची, बावीस फूट लांब. कायद्याला विचाराल तर मी एका मर्यादित कंपनीची एकुलती एक मालमत्ता आहे, आणि त्या कंपनीचा मालक कोण हे बोलून दाखवणं आमच्या सेंट ऑडा बेटावर गुन्हा आहे. माझा मालक कोण हे मलासुद्धा सांगत नाहीत. तेव्हा माझी ही कहाणी जरा चिडून सांगितली गेली, तर समजून घ्या.

मला जोसाया गम्ब्ज यांनी मॅरो खाडीच्या वाळूवर बांधलं. आराखडा वगैरे काही नव्हता. कुणी माप विचारलं की ते हात पसरून दाखवत. टेकडीवरची झाडं वाऱ्याने जन्मभर एका बाजूला वाकवलेली असतात. त्यांच्या फांद्या तोडून त्यांनी माझ्या बरगड्या केल्या. फळ्यांच्या फटींत कापूस ठासला, वरून डांबर फासलं आणि पाठीवर बायकोचं नाव रंगवलं. त्या आठवड्यात नवराबायकोत अबोला होता, म्हणून 'मिसेस'च्या जागी 'मिस पर्सिस' लिहिलं गेलं. अबोला दोन दिवसांनी संपला, पण तोवर रंग वाळला होता.

पुढे मी त्यांच्या मुलाकडे, कॅप्टन इव्हान्डर गम्ब्जकडे आले. कॅप्टन ही पदवी त्याला कुणी दिली नव्हती, पण काढूनही कुणी घेतली नाही. आम्ही दोघांनी चाळीस वर्षं काम केलं. माशांचे पिंजरे पाण्यात सोडले, मिठागरातली पोती मोठ्या जहाजापर्यंत पोचवली, शाळेची बाकं आणली, एकदा पाद्रीबाबांचा पियानोही आणला. ऑगस्टच्या शर्यतीत मी तीनदा पहिली आले. एकदा एका अडलेल्या बाईला पलीकडच्या बेटावरच्या इस्पितळात नेत होतो, तर ती वाटेतच बाळंत झाली, माझ्या तळाच्या मधल्या फळीवर. ते मूल म्हणजे थॅडियस कार्टी, आमचे आजचे अर्थमंत्री. हा तपशील लक्षात ठेवा. त्यांनी ठेवला नाही.

आमच्या खाडीत होडी उसनी मागायची एक रीत आहे. ज्याला हवी त्याने किनाऱ्यावर यायचं. मालक काही न विचारता होडीची दोरी त्याच्या हातात देतो. काम झालं की त्याने दोरी परत आणायची आणि तिच्यासोबत त्या फेरीत मिळालेला पहिला मासा. कागद नाही, साक्षीदार नाही. माझ्या हयातीत एकही दोरी अडकून राहिली नव्हती. माशाशिवाय आली असेल एखादी, पण त्या माणसाला पुढे वर्षभर मासा दाखवून चिडवत.

मग मिठागरं बंद पडली. बेटावर माणसं नऊ हजार, शेळ्या अकरा हजार, आणि कामधंदा काही नाही. तेव्हा थॅडियस कार्टी मंत्री झाले आणि त्यांनी चर्चच्या पटांगणात जाहीर केलं, "आजवर आपण मीठ विकलं. आता आपण विश्वास विकायचा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. विश्वास आमच्याकडे भरपूर होता. त्याला गिऱ्हाईक असतं हे कुणाला माहीत नव्हतं.

हे गिऱ्हाईक आणायला दूरच्या थंड देशातून मिस्टर हॅलम नावाचे सल्लागार आले. त्यांनी बेटाची जाहिरात करणारं चकचकीत पत्रक काढायला घेतलं. सेंट ऑडाला या, सकाळी कंपनी काढा, दुपारी जेवा, कर भरू नका, नाव सांगू नका. मुखपृष्ठावर माझा फोटो होता. निळं पाणी, पांढरी वाळू आणि मी. फोटो काढताना कॅप्टन माझ्या काठावर बसून जाळं शिवत होता. मिस्टर हॅलमनी त्याला नम्रपणे बाजूला व्हायला सांगितलं. म्हणाले, "पाहणाऱ्याला वाटायला नको की इथे कुणी राहतं."

मित्रांनो, मी वादळं खाल्ली आहेत, माझा तळ खडकावर खरवडला आहे. पण त्या वाक्याइतकं मला काही लागलेलं नाही.

पुढे परदेशी पाहुण्यांचं एक मंडळ यायचं ठरलं. त्यांच्या डोळ्यांसमोर एक नमुना कंपनी काढून दाखवायची होती, आणि तिला दाखवायला एखादी खरीखुरी मालमत्ता हवी होती. कार्टीसाहेब मिस्टर हॅलमना घेऊन खाडीवर आले.

"काका, एका दिवसापुरती होडी हवी होती."

"एक कशाला, दोन दिवस ने," कॅप्टन म्हणाला आणि दोरी पुढे केली. "मोठा झालास रे थॅडी. पायात बूट घालून वाळूत येतोस!"

मिस्टर हॅलमनी दोरीकडे पाहिलं आणि पिशवीतून कागद काढला. "फक्त इथे. आणि इथे."

"दोरीला कागद?" कॅप्टन हसला.

"पाहुण्यांची पद्धत आहे, काका," कार्टीसाहेब म्हणाले. "त्यांच्याकडे कागद दिल्याशिवाय कुणी कुणाला गुड मॉर्निंगसुद्धा म्हणत नाही."

आता आमच्या बेटावर पाहुण्यासमोर कागद वाचत बसणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. कॅप्टनला वाचता उत्तम येत होतं. रोज संध्याकाळी तो चष्मा लावून बायबल वाचायचा. पण पाहुण्याचा अपमान त्याच्याने होईना. त्याने न वाचता सही केली, वर मिस्टर हॅलमना दोन नारळ दिले.

त्या कागदाने मी कंपनीची झाले. नाव सुचलं नाही म्हणून माझ्याच पाठीवरचं उचललं: मिस पर्सिस होल्डिंग्ज लिमिटेड, क्रमांक ८८१४. नाश्ता ते जेवण एवढ्या वेळात हे उरकलं, पाहुण्यांनी घड्याळं पाहिली आणि वाहवा केली. मग मला क्रेनने उचलून, जिथे पूर्वी मिठागर होतं तिथे उभ्या राहिलेल्या अर्थभवनाच्या दालनात ठेवलं. काचेच्या भिंती, थंड हवेची यंत्रं, माझ्याभोवती मखमलीची दोरी आणि पाटी: 'कृपया हात लावू नये.' ज्या अंगावर पिढ्यानपिढ्या माणसं बसली, मासे तडफडले, एक मूल जन्मलं, त्याला हात लावू नये!

कॅप्टन दोन दिवसांनी आला. "परिषद होऊ दे, काका," असं उत्तर मिळालं. महिन्याने आला. "नूतनीकरण होऊ दे, काका." तेवढ्यात कुणा परक्याला तयार कंपनी हवी होती, नवी नको, थोडी मुरलेली. जुनी कंपनी भारदस्त दिसते म्हणे. फडताळातून ८८१४ ची फाईल निघाली आणि मी फाईलसकट विकली गेले, जागची न हलता.

लाकडाची होडी कोरड्या हवेत मरते, मित्रांनो. हळूहळू मरते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या फळ्या आकसल्या, फटींतला कापूस गळून चकचकीत फरशीवर पडू लागला. दोन वर्षांनी माझ्या आरपार उजेड दिसायला लागला. मिस्टर हॅलम पाहुण्यांना म्हणायचे, "बघा, काय सुंदर जुनेपणा आहे!" कॅप्टन काचेला नाक लावून पाहायचा. त्याला सुंदर वगैरे काही दिसत नव्हतं. अजून एक उन्हाळा गेला असता तर माझ्यातून होडी निघाली नसती, सरपण निघालं असतं.

एके दिवशी तो थेट अर्थभवनातल्या चौकशीच्या खिडकीपाशी, तिथे बसणाऱ्या मुलीकडे गेला.

"पोरी, या होडीचा मालक कोण?"

"सांगता येत नाही, काका."

"तुला तरी माहीत आहे का?"

"मलाही माहीत नाही. म्हणून तर लोक आपल्याकडे येतात."

"कुठे आहेत ते लोक? मला तर कुणी दिसलं नाही."

"लोक येत नाहीत हो, काका. कागद येतात."

"मग त्या कंपनीत सही करणारं कुणी असेल ना? हाडामासाचं?"

"संचालक आहेत. पण तेही गुपित आहे."

कॅप्टन घरी गेला. तो थोरल्या बहिणीकडे, ऑव्हलीनकडे राहायचा; सगळं बेट तिला टँटी, म्हणजे मावशी, म्हणायचं. टँटीची बेटावर बेकरी होती आणि जोडीला, बेटावरच्या बऱ्याच अब्रूदार बायकांप्रमाणे, ती दोन हजार तीनशे कंपन्यांची नावापुरती संचालकही होती. दर शुक्रवारी अर्थभवनातून कागदांचा गठ्ठा यायचा, आणि पाव भट्टीत असताना ती सह्या करून टाकायची. पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं. त्यानंतर तिने ते माझ्यात बसून प्रत्येक फेरीला सांगितलं आहे.

कॅप्टन फंगी, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, खात बसला होता. समोर टँटी पिठाच्या हातांनी सह्या करत होती. त्याची नजर वरच्या कागदावर गेली.

"अगं ऑव्हलीन, थांब. वरचं नाव वाच."

"मी वाचत नाही. सही तेवढी करायची असं ठरलंय."

"आईचं नाव आहे ते."

टँटीने कागद दिव्यापुढे धरला. मग उठून आधी हात धुतले.

"म्हणजे दोन वर्षं ती माझ्या सहीने तिथे सुकतेय?"

"तुझ्याच."

"आणि तू मला विचारलं नाहीस, मूर्खा?"

"गुपित आहे म्हणाले."

"एका ताटात जेवतोस माझ्याबरोबर! कसलं डोंबलाचं गुपित?"

तिने पावाच्या बिलाच्या पाठीवर ठराव लिहिला: कंपनीची मालमत्ता कोरडी पडून खराब होत आहे, तरी देखभालीसाठी ती तातडीने पाण्यात ठेवावी. खाली सही. आयुष्यात तिने वाचून केलेली ती पहिलीच सही.

मोठ्या परिषदेच्या दिवशी सकाळी सगळी मॅरो खाडी दोरखंड घेऊन अर्थभवनात शिरली. कार्टीसाहेब धावत आले. "टँटी, आत्ता नको! साठ पाहुणे बसलेत!"

"बसू देत. मी संचालक आहे, थॅडी. तूच केलंस ना मला?"

मिस्टर हॅलमनी ठराव उलटा केला, पावांचा हिशोब वाचला, पुन्हा सुलटा केला. त्यांचा चेहरा पडला. नियमात बसत होता. नियम त्यांनीच लिहिले होते.

खाडीकरांनी मला ओंडक्यांवरून गात गात ओढलं, माझ्या जन्मदिवशी ओढलं होतं तसंच. पाहुण्यांना वाटलं सांस्कृतिक कार्यक्रम आहे. त्यांनी फोटो काढले. मी पाण्यात गेले आणि सगळ्यांच्या देखत, प्रत्येक फटीतून पाणी घेत, काठापर्यंत बुडाले.

"मालमत्ता बुडाली!" मिस्टर हॅलम ओरडले.

"बुडायलाच हवी," कॅप्टन कमरेएवढ्या पाण्यातून म्हणाला. "पोटभर पाणी प्यायल्याशिवाय फळ्या फुगायच्या नाहीत. तीन दिवस कुणी हात लावू नका तिला." मग जरा थांबून, "तशी पाटी आहेच तुमच्याकडे."

चौथ्या दिवशी माझ्यातलं पाणी उपसलं आणि मी तरंगले. तळाची मधली फळी मात्र उभी चिरली होती, ती बदलावी लागली. जुनी फळी वाळूवर पडलेली असताना कार्टीसाहेब आले, या वेळी अनवाणी. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक तांबोशी होती, बर्फासारखी कडक.

"काका, दोरी परत करायला दोन वर्षं उशीर झाला. कबूल आहे."

"कुठे पकडलीस?"

"दुकानातून आणली."

"मग दुकानाला नेऊन दे." कॅप्टनने वाळूवरच्या फळीकडे बोट केलं. "आणि ही घरी ने. तुझीच आहे."

कार्टीसाहेबांनी वाकून फळीवरची वाळू झटकली. मग म्हणाले, "दोरी द्या, काका. मी पकडून आणतो."

कॅप्टनने दोरी हातात घेतली. हात पुढे जाऊ लागला आणि अर्ध्यावर थांबला.

"कागद आणलायस का?" त्याने विचारलं.

दोरी मागितली आणि मिळाली नाही, असं त्या खाडीत पहिल्यांदाच घडलं. बोलून झाल्यावर कॅप्टनचंच तोंड कडू झालं. ते मी पाहिलं.

मित्रांनो, लाकडी होडी सुकली तर घाबरू नका. तिला उथळ पाण्यात बुडवा, तीन दिवस धीर धरा, ती परत येते. पण न विचारता दोरी पुढे करणारा हात एकदा सुकला, की त्याला कुठल्या पाण्यात बुडवायचं हे कॅप्टनला माहीत नाही, आणि मलाही नाही. म्हणून तो सुकायच्या आधी जपा.

कागदोपत्री मी अजून देखभालीतच आहे; टँटी दर वर्षी मुदत वाढवते. आणि ८८१४ विकत घेणारे अनोळखी महाशय, कागदोपत्री तुम्हीच माझे मालक आहात, असाल तिथे असा. माझ्यात कधी बसला नाहीत, माझा वास तुम्हाला माहीत नाही. नाव सांगू नका हवं तर. पण माझी दोरी अजून तुमच्याकडे अडकली आहे, आणि रीतीप्रमाणे तिच्यासोबतचा मासा तुमच्याकडून येणं आहे. तो घेऊन एकदा मॅरो खाडीवर या. स्वतः पकडलेला आणा.