बोनेट न उघडता घेतलेली गाडी

जुनी गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला खापरला निघालो, तेव्हा आमचे हे, हबीब, गॅरेजवाल्या जगदीश मिस्तरीला सोबत घेत होते. मीच आडवी आले.

"शुद्धीवर आहात का? लेकीच्या सासरी मिस्तरी घेऊन जायचा? भरवसा नाही म्हणतील की आपला!"

बिचाऱ्यांनी मिस्तरीला परत पाठवलं. माझ्यापुढे त्यांचं कधी चाललंय!

गाडी आफताबभाईंची, म्हणजे आमच्या अलमासच्या सासऱ्यांची. त्यांनी पोटभर जेवू घातलं आणि किल्ली पुढे केली. हबीब बोनेटकडे वळले, तसे मी डोळे वटारले. अलमास दारात उभी राहून बघत होती. मी हसून किल्ली घेतली.

आठव्याच दिवशी गाडी तापून बंद पडली. मग सेल्फ गेला, मग गिअर अडकायला लागला. महिन्यातून पंधरा दिवस ती गॅरेजातच. जगदीश मिस्तरी हसायचा, "भाभी, गाडी तुमनी शे का मन्ही?" गाडी माझी की त्याची म्हणे! असा संताप यायचा! पण खापरहून फोन आला की मी आपली सुरू, "गाडी ना? एकदम मख्खन!" लेकीला तिथे कुणी वाकडं बोलू नये, एवढंच माझ्या डोक्यात.

अलमासला नववा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी. मी डिंकाचे लाडू केले, दुपटी शिवली, खिडकीजवळ खाट लावली. तिला आणायला हबीब म्हणाले, "जीप भाड्याने करू." मी पुन्हा फणकारले, "त्यांची गाडी असताना भाड्याची नेली, तर त्यांना काय कळायचं राहील?"

येताना अक्कलकुव्याच्या पुढे बोनेटमधून भसाभसा वाफ निघाली आणि गाडी थांबली ती थांबलीच. भर उन्हात रस्त्याच्या कडेला अलमासला कळा सुरू झाल्या. या अल्लाह! एका भाजीच्या टेम्पोवाल्याने आम्हाला परत अक्कलकुव्याच्या दवाखान्यात पोचवलं, म्हणून निभावलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

संध्याकाळी आफताबभाई आले. नातीला बघून म्हणाले, "दोघींना आता खापरलाच नेतो. आम्ही दिली तेव्हा गाडी चांगली होती. तुम्हीच सांगत होता ना, मख्खन चालते म्हणून? सांभाळता आली नाही तुम्हाला."

सहा महिने माझ्याच तोंडाने गायलेलं. हबीबनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी आफताबभाई दुसरी गाडी घेऊन न्यायला आले. ते बाहेर गेल्यावर मी लाडवांचा डबा अलमासच्या पिशवीत ठेवला आणि रडायला लागले. म्हटलं, "बेटा, चुकलं माझं."

तिने माझा हात धरला. हळूच म्हणाली, "अम्मी, आमच्याकडेही ती अशीच बंद पडायची. सासरच्यांपुढे मी नवी सून काय बोलणार? मला वाटलं, अब्बू बोनेट उघडून बघतीलच. म्हणून तर दारात उभी होते."