तेवीस सपाट रेषा

आमच्या बेलवलीच्या सोसायटीत मिलिंद सरांइतका हुशार माणूस नाही आणि त्यांच्याइतका भोळाही नाही. पंचवीस वर्षं ते इंजिनीअरिंग कॉलेजात वीज शिकवतात. स्मार्ट ग्रिडवरचे त्यांचे पेपर परदेशात वाचतात म्हणे. इथे त्यांचा साधा मेसेज कोणी वाचत नव्हतं.

निवृत्तीआधीचा शेवटचा प्रकल्प त्यांनी आमच्याच चोवीस घरांवर घेतला होता. प्रत्येक घरात वेगळा मीटर लावला. संध्याकाळी साडेसातला फोनवर मेसेज यायचा: इस्त्री, वॉशिंग मशीन, एसी अर्धा तास पुढे ढकला, ट्रान्सफॉर्मरवरचा ताण कमी होईल. आता माणसं घरी पोचतातच साडेसातला, मग ढकलणार कोण? दीड महिन्यात आलेख तसूभर हलला नाही. तपासणीला प्रकल्पाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या कीर्ती मॅडम येणार होत्या आणि त्यांनी नाही म्हटलं की प्रकल्प बंद. सर जिन्यात भेटले तरी खाली मान घालून जायला लागले. मला फार वाईट वाटलं. मी सोसायटीची सेक्रेटरी. वाईट वाटलं की मी मीटिंग घेते.

सरांना न कळवता गच्चीवर ठरलं, की शेवटचा आठवडा मेसेज आला की थेट मेन स्विच बंद. चेअरमन हरिचंद्रकाका म्हणाले, "करायचं तर सगळ्यांनी. सरांचं टेन्शनच खल्लास." सरांच्या बायको, अंजनाताई, तेवढ्या मध्येच उठून खाली गेल्या. सर रिपोर्टसाठी कॉलेजातच अडकलेले, नऊशिवाय घरी येत नव्हते. आम्ही रोज अर्धा तास कंपाउंडात भेळ खात बसलो.

आठवडा संपला आणि कीर्ती मॅडम आल्या. सोसायटीच्या ऑफिसात सरांनी लॅपटॉप उघडला. प्रत्येक घराची एक रेषा, आणि त्या आठवड्यात रोज साडेसातला तेवीस रेषा एकदम तळाला. सरांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला.

"फ्रिजसुद्धा?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

चोवीस तास चालणाऱ्या फ्रिजचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. मी सगळं कबूल केलं, भेळेसकट. सरांनी स्वतःच मॅडमना सांगितलं, हा आठवडा खोटा आहे, धरू नका. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमनी मात्र चोविसाव्या रेषेवर बोट ठेवलं. तिच्यात फ्रिजचे छोटे उंचवटे जिथल्या तिथे होते; फक्त साडेसातचा इस्त्रीचा उंचवटा आठवर सरकला होता. मागचे आठवडे उघडले, तर पहिल्या मेसेजपासून रोज तसंच. हे घर कोणाचं, त्यांनी विचारलं.

सरांनी यादी पाहिली. दीड महिना ते चोवीस घरांची बेरीजच बघत बसले होते.

"आमचं," ते म्हणाले.

एक तरी घर खरं निघालं, बाकीच्यांसाठी आणखी सहा महिने घ्या, मॅडम म्हणाल्या. आणि सेक्रेटरींना मीटिंग घेऊ देऊ नका.

सरांच्या मागोमाग मी माफी मागायला वर गेले. अंजनाताई भाजी निवडत होत्या. तू माझे मेसेज वाचायचीस, सरांनी विचारलं. ताईंनी होकारार्थी मान हलवली. सर ताईंच्या समोर बसले. वीज कोण, कधी, किती वापरतं याचा जन्मभर अभ्यास केलेला माणूस.

"आठला तर तुझी मालिका असते ना?" ते म्हणाले. "मग इस्त्रीत ती बुडत असेल."

"दीड महिना बुडतेय," ताई म्हणाल्या.