बाजू दे

सारी हयात इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात गेल्यामुळे सासूबाईंना कुठलीही गोष्ट नुसती सांगून पटत नसे. कोणी म्हणालं ताप उतरला, की त्या कपाळाला हात लावत, मग थर्मामीटर लावत, आणि आकडा मनासारखा आला तर संशय येऊन तो झटकून पुन्हा लावत. निवृत्तीनंतर या सवयीचा सगळा भार घरच्यांवर पडला.

मोटारींची शर्यत मात्र त्यांनी कधी टीव्हीवरसुद्धा पाहिली नव्हती. जावई शर्यतीत गाडी चालवतो आणि लेक त्याच गाडीची इंजिनिअर आहे, एवढ्यानंच त्यांचा जीव पुरेसा टांगणीला लागत असे. मोसमाच्या शेवटच्या दोन शर्यती उरल्या, तेव्हा लेक म्हणाली, "आई, एकदा ये गं. न बघता घाबरतेस, त्यापेक्षा बघून घाबर."

म्हणून त्या आल्या. गॅरेजमध्ये भिंतीला टेकून त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती. शेजारी गरम दुलईत गुंडाळलेले टायर रचलेले, जमीन आरशासारखी पुसलेली, आणि सगळीकडे पेट्रोलचा आणि तापल्या रबराचा वास. कोणीतरी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. समोर पडद्यांच्या रांगेपुढं लेक बसली होती. शर्यत सुरू असताना जावयाशी रेडिओवर बोलायचं ते फक्त तिनं. बाकी कोणी मधे तोंड घालायचं नाही, असा नियम होता.

संघात गाड्या दोन. दुसऱ्या गाडीचा चालक जावयाहून वयानं लहान होता, तरी सगळे त्याला थोरला म्हणत आणि जावयाला धाकटा.

"आमच्याकडे थोरलेपण वयावर नसतं, सासूबाई, गुणांवर असतं," एका मेकॅनिकनं समजावलं. थोरल्यानं मोसमभर गुण मिळवले होते. अजिंक्यपदासाठी त्याची आणि लाल गाडीवाल्याची चुरस होती, आणि लाल गाडीवाला किंचित पुढं होता.

त्या दिवशी जावई सुरुवातीपासून सगळ्यांच्या पुढं. थोरला त्याच्या मागे, आणि बाकीचे बरेच मागे. सासूबाईंनी पहिल्या काही फेऱ्या डोळे अर्धे मिटूनच काढले. मग डोळे आपोआप उघडले. जावई वळणावर गाडी अशी घालत होता, जसा एखादा चांगला शिंपी कापडात कात्री घालतो, न थांबता आणि न चाचरता. त्यांना कौतुक वाटलं. घरी हाच माणूस डब्याचं झाकण बसवताना तीनदा चुकतो.

शेवटच्या फेऱ्या आल्या. संघाचे प्रमुख लेकीजवळ आले, वाकून काहीतरी बोलले. मग हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, अगदी सपाट, हवामानाचा अंदाज सांगावा तसा.

"थोरला तुझ्या मागे आहे. सरळ पट्ट्यावर बाजू दे."

नुसती खरखर ऐकू आली. एक वळण गेलं, दुसरं गेलं.

"ऐकू आलं का?"

"आलं," जावई म्हणाला.

सरळ पट्ट्यावर त्याची गाडी जराशी बाजूला सरकली, जराशी मंदावली, आणि थोरला पुढं निघून गेला. तोच पहिला आला.

"अगं, गाडी बिघडली का त्याची?" सासूबाईंनी हेडफोन काढत विचारलं.

"नाही, आई."

"मग?"

"सांगितलं म्हणून त्यानं वाट दिली."

"कोणी सांगितलं?"

"मीच की. आत्ता ऐकलंस ना!" लेक म्हणाली आणि पडद्याकडे वळली. तिची मान ताठ होती. लहानपणी इंजेक्शन घेताना ती मान अशीच धरत असे.

पहिल्याला वीस गुण, दुसऱ्याला पंधरा. पहिले वीस थोरल्याच्या खात्यात पडले तर तो लाल गाडीवाल्याच्या अगदी जवळ पोचणार होता. जावयाच्या खात्यात पडून संघाला काही उपयोग नव्हता. हिशेब सरळ होता. सासूबाईंना तो एका दमात कळला, आणि त्यानं त्यांचं अजिबात समाधान झालं नाही.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत तिघं जेवायला बसली.

"जावईबापू, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा, आई. मी नाही म्हटल्यानं तुम्ही थोड्याच थांबणार आहात?"

"वेग कमी करायला पाय उचललात, तेव्हा काय वाटलं?"

जावयानं पोळीचा तुकडा खाली ठेवला. "काही वाटायला वेळच नसतो. पण खरं सांगू? दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, तर मी ऐकू आलं नाही म्हटलं असतं. रेडिओला खरखर असतेच. हिनं सांगितलं, म्हणून म्हटलं, हिचा शब्द खाली कसा पडू द्यायचा?"

लेकीनं एकदम वर पाहिलं. "म्हणजे तू माझ्यासाठी वाट दिलीस?"

"तसं नाही गं."

"तसंच म्हणालास."

आपण कुठली तरी बाटली नको तेव्हा हलवली, हे सासूबाईंना जाणवलं. पण कुतूहल काही स्वस्थ बसू देईना. दुसऱ्या दिवशी सामान भरताना त्यांनी प्रमुखांना गाठलं.

"निरोप द्यायला माझीच लेक का? तुमच्याकडेही माइक आहे."

प्रमुख सभ्य गृहस्थ होते आणि थकलेले होते. थकव्यात माणूस खरं बोलून जातो. "कारण तिचं तो ऐकतो, बाई," ते म्हणाले. "माझं ऐकेलच असं नाही."

हे लेकीला सांगावं की नाही, यावर सासूबाईंनी प्रवासभर विचार केला, आणि मग सांगून टाकलं. ते ऐकून लेक खिडकीबाहेर बघत राहिली.

संघाच्या कारखान्यात एक अंधारी खोली होती. तिथं चाकांविना दोन गाड्या पक्क्या बसवलेल्या, पुढं मोठाले पडदे. त्यात बसून चालक कुठल्याही रस्त्यावर सराव करू शकत. त्याला सिम्युलेटर म्हणत. त्याच आठवड्यात लेक आईला ती खोली दाखवायला घेऊन गेली, तेव्हा थोरला तिथं सरावच करत होता. तो खाली उतरला आणि वाकून नमस्कार करत म्हणाला, "मावशी, तुम्ही सगळ्यांना प्रश्न विचारताय, आणि मलाच सोडलंत?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"विचारा तर खरं."

"त्यानं वाट दिली नसती, तर तू पुढं गेला असतास?"

"गेलो असतो," थोरला लगेच म्हणाला. "माझे टायर ताजे होते. दोन-चार फेऱ्यांत काम झालं असतं."

"कशावरून?"

हा प्रश्न त्याला बहुधा शाळा सुटल्यापासून कोणी विचारला नव्हता.

लेक हळूच म्हणाली, "त्या फेऱ्यांची सगळी माहिती संगणकात आहे. टायर, पेट्रोल, वारा. हवं तर तिथूनच पुन्हा सुरू करता येईल." तिनं नवऱ्याला फोन लावला. तो हातातलं काम टाकून आला.

दोघं बसले. पहिल्या खेपेला थोरला तिसऱ्याच वळणावर पुढं गेला आणि त्यानं मावशींकडे वळून भुवया उडवल्या.

"पुन्हा," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला जावयानं त्याला शेवटपर्यंत पुढं जाऊ दिलं नाही. तिसऱ्या खेपेला दोघं एकमेकांवर आदळले, पडदा लाल झाला, आणि दोघं पोरांसारखे हसत सुटले. चौथ्यांदा पुन्हा थोरला पुढं. पाचव्यांदा नाही. सासूबाई खुर्चीच्या टोकावर सरकून बसल्या होत्या. आयुष्यात इतका बेभरवशाचा नमुना त्यांच्या हाती आला नव्हता. तेच टायर, तीच माणसं, आणि उत्तर दर वेळी वेगळं.

"म्हणजे आपल्याला माहीतच नाही," थोरला घाम पुसत म्हणाला. "मी त्या शर्यतीचा करंडक घरी फळीवर ठेवलाय, मावशी. आणि मला माहीतच नाही."

शेवटच्या शर्यतीला सासूबाई त्याच खुर्चीवर बसल्या. आता गणित असं होतं, की थोरला पहिला आला तर अजिंक्यपद त्याचं; नाही तर लाल गाडीवाल्याचं. आणि झालं काय, तर अर्धी शर्यत उलटली तेव्हा जावई पुढं, त्याच्या मागे थोरला, आणि थोड्या अंतरावर, दबा धरून, लाल गाडी.

प्रमुख लेकीजवळ आले. तिनं बटणावर बोट ठेवलं. एवढ्यात थोरल्याचाच आवाज सगळ्यांच्या कानांत आला.

"त्याला काही सांगू नका. मला बघू दे."

"काय बघायचंय?" प्रमुखांनी स्वतः माइक ओढून घेतला.

"जमतं का ते. थोड्या फेऱ्या द्या."

प्रमुखांनी पडद्यांकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. मग का कोण जाणे, भिंतीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. "थोड्याच," ते म्हणाले.

पुढच्या फेऱ्यांत गॅरेजमधलं कोणी बसलं नाही. थोरला वळणाच्या आतून शिरला, जावयानं बाहेरून पुन्हा गाठलं. चाकाला चाक घासेल इतक्या जवळून दोघं वळणं घेत होते. एका वळणावर थोरला पूर्ण पुढं गेला आणि सगळे ओरडले. पुढच्याच वळणावर जावई परत पुढं होता, तेव्हाही तेच सगळे ओरडले. लेकीचा हात बटणावरून कधीच खाली आला होता.

या झटापटीत दोघांचे टायर संपत आले, आणि लाल गाडी जवळ आली. प्रमुख "आता पुरे, बाजू..." म्हणेपर्यंत थोरल्यानं एकदा आतून शिरायला जरा उशिरा ब्रेक मारला. त्याची गाडी वळणाबाहेर घसरत गेली, आणि लाल गाडी शांतपणे त्या जागेतून आत शिरली.

जावई पहिला. लाल गाडीवाला दुसरा. थोरला तिसरा. अजिंक्यपद गेलं.

जावयाला कित्येक वर्षांत पहिला क्रमांक मिळाला नव्हता. तो गाडीतून उतरला, पण उडी मारावी की नाही, हे त्याला कळेना. मग थोरल्यानंच येऊन त्याला मिठी मारली, तेव्हा तो रडायला लागला.

प्रमुखांनी कपाळाला हात लावला होता. सासूबाई त्यांच्याजवळ गेल्या. "माझ्यामुळे झालं का हो?"

"नाही, बाई. मी हो म्हटलं म्हणून झालं." थोडं थांबून ते म्हणाले, "लढत मात्र झकास झाली. पण वर्षभर राबलेल्या माणसांना मी आता काय सांगू?" समोर मेकॅनिक मुकाट्यानं अवजारं आवरत होते. कोणी हसत नव्हतं. सासूबाईंना तेव्हा पहिल्यांदा कळलं, की त्या दिवशीच्या निरोपामागे या सगळ्या माणसांचे वर्षभराचे कष्टही होते.

थोरला हेल्मेट काखेत धरून मेकॅनिकांच्या हाताखाली टायर उचलू लागला. सासूबाईंना बघून म्हणाला, "आतून जागा नव्हती, मावशी. असावी असं वाटत होतं फक्त."

"वाईट वाटतंय?"

"खूप," तो म्हणाला. "पण विचारायचं असं काही राहिलं नाही."

मोसम संपल्यावर प्रमुखांनी नवा नियम केला. पुढच्या वर्षीपासून बाजू देण्याचा निरोप चालकांना ते स्वतः देतील. लेकीनं तो वाचला आणि त्याच दुपारी त्यांच्या खोलीत जाऊन एक मागणी केली. तिला थोरल्याच्या गाडीची इंजिनिअर व्हायचं होतं.

"नवऱ्याविरुद्ध?" प्रमुखांनी विचारलं.

"तो माझं ऐकतो, हे तुम्हाला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. आता ते वापरायला कोणाच्या हाती नको, माझ्यासुद्धा."

हे कळल्यावर जावई तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना म्हणाला, "माझ्या गाडीवर कोण येणार?"

"एक नवी मुलगी आहे. हुशार आहे."

"बोलते कशी?"

"भराभर."

"मग मी म्हणेन, खरखर होती," तो म्हणाला, आणि लेक खूप दिवसांनी मोठ्यानं हसली.

सासूबाईंनी हे सगळं फोनवर ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, नव्या मोसमात खुर्ची कुठल्या गाडीच्या बाजूला मिळेल? लेक म्हणाली, तुला हवी तिकडे. त्यावर, आधी दोन्ही बाजूंनी एकेकदा बघून ठरवते, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.