मिणमिणत्या बल्बची खोली

मरोळच्या खोलीतला बल्ब मिणमिणला तसा लवूचा चेहरा उजळला. घरमालकीण प्रेमाबाई मात्र ओशाळली. घरामागच्या कारखान्यातली यंत्रं सुरू होताना वीज अशी घसरते, बाकी खोलीत काही खोट नाही, असं ती पुन्हा पुन्हा सांगू लागली.

"घसरू द्या हो," लवू म्हणाला. "झकास आहे."

सुगंधाने कपाळाला हात लावला. लग्नाला सात वर्षं झाली होती, तरी आपला नवरा म्हणजे काय प्रकरण आहे हे तिला अजून उलगडलं नव्हतं.

सगळ्याचं मूळ गेल्या वर्षी देशात आलेल्या रंगीत टीव्हीत होतं. वीज कमीजास्त झाली की ते महागाचे टीव्ही जळत, म्हणून लोक वीज एकसारखी ठेवणारा डबा, स्टॅबिलायझर, घेत. लवूने दुरुस्तीच्या दुकानातली नोकरी सोडली आणि ते डबे स्वतःच बनवायला घेतले. घाटकोपरला थोरल्या दिराच्या घरात तारांची भेंडोळी पसरली, जाऊबाईंचा संयम संपला, आणि वेगळी जागा बघणं आलं. संसार आणि कारखाना दोन्ही एकाच खोलीत बसवायचे होते.

पार्ल्याची खोली सुगंधाने शोधली होती. भाडं इथल्याएवढंच. घरात नळ, खिडकीत ऊन, स्टेशन चालत दहा मिनिटांवर. पार्ल्यात राहायचं तिने लहानपणापासून मनात धरलं होतं. लवूने तिथला बल्ब तासभर न्याहाळला आणि नकारार्थी मान हलवली. पार्ल्याची वीज कधी घसरतच नाही, मग माझा डबा चालतो की नाही हे मला कळणार कसं, असं त्याचं म्हणणं.

"मग आज इथेच बघू," सुगंधा म्हणाली. "तुमचा डबा लावा. बल्ब सावरला तर मरोळ. नाहीतर सामान पार्ल्याला. मागाहून कुरकुर नको."

लवूने पिशवीतला डबा काढून बल्बच्या तारेला जोडला. असल्या विजेवर तो कधी लावलेला नव्हता. साडेसहाला कारखान्याची पाळी बदलली आणि मागची यंत्रं पुन्हा घरघरली. बोळातला दिवा मंदावला. खोलीतला बल्बही तांबूस पडला. सुगंधाला पार्ल्याची खिडकी दिसली, आणि खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला. मग तिचं लक्ष लवूकडे गेलं. तो बल्बकडे बघतच नव्हता. तापलेल्या पोराजवळ बसावं तसा डब्यावर हात ठेवून बसला होता.

"चाल ना रे बाबा," सुगंधा डब्याला म्हणाली. आपण कुणाची बाजू घेतली हे तिला जरा उशिराच कळलं.

डब्यात खट् झालं. बल्ब लख्ख झाला आणि तसाच राहिला.

शेजारच्या अजून मंदच असलेल्या खोल्यांतून बायका डोकावल्या. एकीने निवडायच्या तांदळाचं सूप आणून सरळ बल्बखाली बैठक मारली. लवू खुळ्यासारखा हसत होता. सुगंधाला पार्ल्याचं वाईट वाटत होतं, आणि हसूही आवरत नव्हतं.

"राहायला कधी येणार?" खडे वेचता वेचता त्या बाईने विचारलं.

सुगंधा तिच्यासमोर बसली आणि अर्धे तांदूळ आपल्याकडे ओढले.

"आलो की," ती म्हणाली.