पितराचं ताट

रूपरावच्या गळ्यात तुळशीची माळ घातली ती त्याच्या बापानं, म्हणजे तानबानंच. त्याआधी रूपराव दारू प्यायचा. पवनारजवळ धाम नदीच्या काठी त्यांची भाजीची वाडी होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन तो वर्ध्याच्या बाजारात जायचा आणि संध्याकाळी रिकाम्या टोपल्यांसकट कुठेतरी पडलेला सापडायचा. शेवटी सिंदीला कीर्तनाचा सप्ताह होता, तिथं तानबा त्याला हाताला धरून घेऊन गेला आणि महाराजांपुढे उभा करून म्हणाला, "माह्या पोराले माळ घाला. नाईतर हा जगत नाई."

माळ लागू पडली. रूपरावची दारू सुटली ती सुटलीच. तो पहाटे नदीवर आंघोळ करू लागला, भजनी मंडळात वीणा धरू लागला. घरातली मटणा-मासोळीची भांडी त्याची बायको रंभा हिनं नदीपलीकडच्या चतुराबाईला देऊन टाकली. लसूण-कांदासुद्धा एकादशीला घरात दिसेनासा झाला. लोक तानबाला म्हणायचे, तुही पुण्याई मोठी. तानबा नुसता हसायचा.

त्याची स्वतःची अडचण त्यानं कुणाला सांगितली नव्हती. तानबा जन्मभर मासोळी खात आलेला माणूस. चतुराबाईचा नवरा दसरू ढिवर हा त्याचा लहानपणापासूनचा सोबती. दोघं एकाच डोहात पोहायला शिकले होते. दसरूच्या जाळ्यात मरळ आली की तो पलीकडून हाळी द्यायचा. घरात मासोळी बंद झाल्यावर तानबा त्याच्याकडे जाऊन जेवायचा, नदीत तोंड धुऊन घरी यायचा. आपण पोराला फसवतो आहोत असं त्याला वाटत नव्हतं. माळ पोराच्या गळ्यात होती.

पण हे मंडळात कळलं. भजन संपल्यावर एकानं सगळ्यांसमोर हसत विचारलं, "रूपराव, तुमच्या घरची चूल शुद्ध हाय म्हणता, पण बुढा ढिवराच्या चुलीवर शेकून राह्यला, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी रूपराव तडक नदी ओलांडून गेला. तानबा दसरूच्या ओसरीत बसला होता. पुढ्यात पितळी, भाकर, रस्सा. नुकताच पहिला घास मोडला होता.

"बा, ऊठ," रूपराव म्हणाला.

"बस ना. जेवतो अन् येतो."

रूपरावनं वाकून पितळी उचलली, अंगणाच्या कडेला गेला आणि कुत्र्यांपुढे पालथी केली. चतुराबाई दारातच उभी होती. दसरूचा घास हातात राहिला. तानबानं हात धुतले, टोपी घातली आणि मुलाच्या मागं मागं पाण्यात उतरला. उन्हाळ्याचं पाणी गुडघाभरच होतं. मध्यावर त्याचा पाय घसरला, तेव्हा रूपरावनं मागं वळून हात पुढे केला. बापानं तो धरला. पुढे कित्येकदा रूपरावला वाटायचं की त्यानं तो धरायला नको होता.

त्यानंतर तानबा पलीकडे गेला नाही. वाढलं ते जेवला. हिवाळ्यात त्याला ताप आला, अन्नावरची वासना गेली. वर्ध्याच्या डॉक्टरची औषधं झाली. संक्रांतीनंतर तो गेला.

अखजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. घरात माणूस गेल्यावर पहिल्या अखजीला त्याच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि एखाद्या माणसाला पितर म्हणून बसवून जेवू घालतात. त्याच्या पोटात गेलेलं मेलेल्या माणसाला पोचतं. आदल्या दिवशी रंभा कुरडया काढत होती. तिनं विचारलं, "पितर म्हणून कोणाले बसवायचं? वासुदेवरावाले सांगता का?"

वासुदेवराव भजनी मंडळाचे प्रमुख. मंडळातल्या घरांतून पितर म्हणून त्यांनाच बोलावणं असायचं. रूपरावनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि त्याला ती पालथी पितळी दिसली. अखजीचं पुरण आणि चिंचेची गोड चिंचवणी बापानं कधी आवडीनं खाल्ली नव्हती. सण म्हणून खायचा.

तो उठला आणि नदीपलीकडे गेला. दसरू जाळं विणत बसला होता. रूपराव दिसताच चतुराबाई आत जायला निघाली.

"काकाजी," रूपराव उभ्यानंच म्हणाला, "उद्या बाचा पितर म्हणून तुमी जेवा."

दसरूनं वर पाहिलं. "तुह्या घरी? मंडळवाले काय म्हणतीन?"

"माह्या घरी नाई. इथंच. काकूनं मासोळी रांधावी. मी वाढतो."

चतुराबाई दारातून गर्रकन वळली. "आता? जितेपणी त्याच्या पुढचं ताट उचललं, अन् आता वाढाले आला? गळ्यात माळ असून मासोळी चालते का तुले?"

"नाई चालत."

"मंग?"

"नाई चालत, तरी वाढतो, काकू."

दसरू हळूच म्हणाला, "तुले एक सांगू का रूपराव? त्या दिवसानंतर मी तुह्या बाले लय वेळा बलावलं. एक डाव तर मरळ घेऊन वाडीत गेलतो. त्यानं हात नाई लावला. म्हणे, दसरू, माह्या जिभेपाई पोराची माळ तुटली, अन् तो फिरून बाटलीकडे गेला, त मी काय करू? त्यापेक्षा नाई खात."

रूपराव खाली बसला. इतके दिवस त्याला वाटत होतं, बाप रागानं गप्प राहिला. राग असता तर बरं होतं.

दुसऱ्या दिवशी घरी घागर भरून तो पलीकडे गेला. दसरू आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून पाटावर बसला होता. रूपरावनं बापाचं नाव घेऊन त्याच्या कपाळाला गंध लावलं आणि पळी हातात घेतली. वासानं तोंड बाजूला वळवून तो वाढू लागला. रस्सा पाटावर सांडला.

"मुंडकं वाढ," दसरू म्हणाला. "तानबा मुंडकं कोणाले देत नोता."

रूपरावला हे माहीत नव्हतं. त्यानं भांड्यात शोधून मुंडकं वाढलं. दसरू सावकाश जेवला, मधेच थांबून डोळे पुसत, पण ताटात काही ठेवलं नाही.

त्याच्या हातावर पाणी घालताना रूपरावनं विचारलं, "काकाजी, बानं मले माफ केलं असन का?"

दसरूनं ओला हात पंच्याला पुसला. "ते मले कसं समजन, बापू? मी जेवलो. एवढंच माह्या हातात होतं."

रूपराव नदीत पुष्कळ वेळ हात घासत बसला. नंतर तो सरळ वासुदेवरावांकडे गेला आणि जे केलं ते सांगितलं. वासुदेवराव म्हणाले, "वीणा काई दिवस दुसऱ्याले धरू दे." रूपराव म्हणाला, "बरं." बापाचं ताट पालथं केलं त्या दिवशी कुणी वीणा काढून घेतली नव्हती, हे त्याच्या मनात आलं, पण त्यात वासुदेवरावांचा काय दोष?

घरी मुलं जेवून खेळायला गेली होती. रंभा त्याची वाट पाहत चुलीपुढे बसली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. दसरूकडून कळलं तेही सांगितलं. "बानं माह्यासाठी सोडलं, रंभा. दुखण्यातही त्यानं कधी मागतलं नाई."

रंभा विस्तवाकडे पाहत राहिली.

"मागतलं होतं," ती म्हणाली.

"कोणाले?"

"मले. तापात होते, तुमी बाजारात गेलते. म्हणे, सूनबाई, चतुराकडून वाटीभर रस्सा आन, नुसता रस्सा. मी म्हटलं, मामाजी, ह्याइले कळलं त काय होईन? ते म्हणाले, राहू दे मग. अन् पाठ केली." तिनं पदर तोंडाला लावला. "नदी त समोरच होती. गेली असती अन् आली असती. तुमाले भेली मी."

तिला दोष द्यायला रूपरावजवळ तोंड नव्हतं, आणि धीर द्यायलाही नव्हतं. तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. रंभानं उठून दोघांची ताटं वाढली. पुरण, कुरडई, चिंचवणी. ताटं मध्ये ठेवून ती पुन्हा बसली. बाहेर मुलं ओरडत होती. रूपराव म्हणाला, "तू जेव," आणि ती म्हणाली, "तुमी घ्या अगुदर."