दोनशे बारा नमुने

ज्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी आमच्या जावयाने रंग सोडले. लोक दारू सोडतात, सिगारेट सोडतात, त्याने रंग सोडले. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायची त्याची नोकरी. चांगला सरळमार्गी माणूस होता. कुठून तरी एक जुना कॅमेरा हाती लागला आणि तो म्हणू लागला की फोटो काढावा तर काळा-पांढराच.

बाळांचे पहिले फोटो पाकिटातून आले तेव्हा मी आणि माझी बायको खिडकीशी घेऊन बसलो. दोन्ही बाळं छान गुटगुटीत दिसत होती. बायको म्हणाली, "बघा, जीव भांड्यात पडला." चार दिवसांनी कळलं की त्यातल्या एकाला कावीळ झाली होती आणि तो हळदीच्या गाठीसारखा पिवळा पडला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रंगावर लक्ष ठेवा. आमच्याकडे जे फोटो होते त्यात दोघंही सारखीच करडी होती. मुलगा बरा झाला, म्हणून आता हसायला येतं.

मी आणि माझा थोरला भाऊ, आम्ही दोघं एकाच रंगखान्यात कामाला. सुताच्या लडी रंगवायच्या, पिळायच्या, वाळत घालायच्या. पिळणं आणि वाळवणं माझ्याकडे. रंग दादाकडे. चव्वेचाळीस वर्षं त्याने हंड्यात दांडा फिरवला. त्याची नखं कधी एका रंगाची नसत. अशा घराण्यात येऊन जावई जेवणाच्या ताटावर म्हणाला, "बाबा, रंग म्हणजे नुसता गोंगाट असतो हो. रंग माणसाला फसवतात."

दादा शेजारीच जेवत होता. तो म्हणाला, "म्हणजे आम्ही चव्वेचाळीस वर्षं गोंगाटच केला म्हणायचा."

"तसं नाही काका, तुमचं काम वेगळं. मी कलेबद्दल बोलतोय."

"हां, कला," दादा म्हणाला आणि त्याने भात वाढून घेतला.

जावयाचं एक मंडळ होतं. सहा-सात माणसं, सगळी काळ्या सदऱ्यातली. दर रविवारी ती गळ्यात कॅमेरे अडकवून निघायची आणि मोडकी दारं, ओले दगड, भिंतीला टेकवलेली सायकल असलं काय काय शोधायची. म्हातारी माणसं त्यांना विशेष आवडत. आमच्या शेजारच्या आजींना त्यांनी पायरीवर बसवलं आणि सांगितलं, "आजी, हसू नका. जरा उदास बघा."

"उदास कशाला बघू? लेक आलीय माझी आजच."

"नुसतं एक मिनिट."

"एक मिनिट उदास व्हायला मी काय नळ आहे होय, बंद करायला आणि सोडायला?"

माझ्या बायकोचा त्याने काढलेला फोटो अजून आहे. तो बघून ती म्हणाली होती, "एवढ्या सुरकुत्या माझ्या? निम्म्या तरी तुमच्या असतील, चुकून इकडे आल्या." पण हे जावयाच्या पाठीमागे. समोर आम्ही सगळे "वा वा" करायचो. जावई म्हटल्यावर काय करता? त्याने दगडाचा फोटो दाखवला की मी म्हणायचो, "दगड अगदी बोलतोय." मुलगी स्वयंपाकघरातून माझ्याकडे डोळे वटारून बघायची. तिच्या न्हाणीघरात रविवारी तीन-तीन तास कडी लागलेली असायची, खिडकीला कांबळं ठोकलेलं, बाळांच्या आंघोळीच्या टबात फोटो धुवायच्या औषधाचं पाणी, आणि बाहेर धुण्याचा ढीग. आत एकच दिवा, तोही लाल. रंग सोडलेल्या माणसाला लाल दिवा कसा चालतो, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

थोडक्यात, आम्हीच त्याला चढवून ठेवला होता. पुढे जे झालं त्यात निम्मा वाटा माझा आहे, म्हणून हे आधी सांगून टाकतो.

रंगखाना विकला गेला. नवा मालक यंत्र आणणार होता, स्वतःच रंग मिसळणारं. आम्हां जुन्या माणसांना नमस्कार केला आणि घरी पाठवलं. दादा खचला नाही. घरामागच्या मोकळ्या जागेत दोन हंडे मांडायचे, मी पिळायचं, त्याने रंगवायचं, असं त्याने ठरवलं. पडदे शिवणारे, गालिचे विणणारे अशी त्याची जुनी गिऱ्हाइकं होती, ती म्हणाली, आम्ही तुमच्याकडेच येऊ, पण रंग तेच पाहिजेत.

तेच रंग म्हणजे वहीतले. रंगखान्यात एक जाड पुठ्ठ्याची वही होती. प्रत्येक पानाला भोकं पाडलेली, प्रत्येक भोकात सुताची एक गाठ, खाली आकडा. एकूण दोनशे बारा. त्यातले दीडशे तरी दादाने बसवलेले. पारव्याच्या मानेसारखा एक, पावसात भिजलेल्या विटेचा एक. सत्त्याऐंशी नंबरचा एक निळा-हिरवा होता, तो मिळवायला त्याला नऊ वर्षं लागली आणि त्यासाठी लोक लांबून यायचे. कोणत्या रंगात काय किती घालायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. पण पाणी बदलतं, सूत बदलतं, आणि शेवटी लडी वाळल्यावर नमुन्याशेजारी धरून बघावंच लागतं. रंग डोळ्यात राहत नाही. आपल्याला वाटतं राहिला, पण दुसऱ्या दिवशी तो सरकलेला असतो. हे कुठलाही रंगारी सांगेल.

आणि ती वही मालमत्तेच्या यादीत होती. सोमवारी ताब्यात द्यायची.

मी म्हटलं, "दादा, प्रत्येक गाठीतला बोटभर दोरा कापून घेऊ. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"मग काय करायचं?"

"यादीत वही आहे. आहे तशी जाईल." मग म्हणाला, "फोटो काढला तर ती चोरी नाही. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे नेतो."

"अरे पण फोटोत रंग थोडा इकडेतिकडे होतो."

"किती इकडे आणि किती तिकडे, ते मी ओळखीन. काही नसण्यापेक्षा बरं."

इथे मी तोंड घातलं. मी म्हटलं, "घरात एवढा कलावंत असताना बाहेरच्याकडे जायचं? जावईबापूंना काय वाटेल?"

माझी बायको म्हणाली, "ते रंगीत काढतील ना पण?"

"अगं, रंगाचेच फोटो काढायचेत म्हटल्यावर रंगीतच काढणार. एवढं कळत नाही का त्यांना? शिकलेले आहेत ते."

जावयाला मी सांगितलं, की काकांच्या वहीचे फोटो हवेत, एकही नमुना सुटता कामा नये, सोमवारी वही जाणार. रंगीत काढा असं मी म्हटलं नाही. सुताराला करवत कुठल्या बाजूने धरायची ते सांगतं का कोणी?

रविवारी सकाळी तो कॅमेऱ्याची तिपाई, पांढरी चादर आणि मंडळातल्या एका काळ्या सदऱ्याला घेऊन हजर झाला. खिडकीतलं ऊन त्याने दोन तास नुसतं पाहिलं. मग एकेका गाठीचा वेगळा फोटो. "बाबा, एका पानाचा एक फोटो काढणं सोपं होतं. पण मग दोऱ्याला न्याय मिळत नाही." सहा रोल संपले. दादा दिवसभर वाकून पान धरून उभा. इतका खूश मी त्याला बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. प्रत्येक गाठीची कथा सांगत होता. "हा बघा, तेरा वेळा बुडवलाय. हा चुकून झाला, माझ्या हातून तुरटी जास्त पडली. आणि हा सत्त्याऐंशी. याचा रंग नीट येईल ना?"

"काका, निर्धास्त राहा. याच्यात जे खरं आहे ते सगळं येईल."

दादा निर्धास्त राहिला. सोमवारी त्याने वही काळ्या फडक्यात गुंडाळली, नव्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवली, अंगठा उठवला आणि घरी येऊन हंड्यांसाठी चूल लिंपायला घेतली.

पुढच्या रविवारी आम्हां सगळ्यांना बोलावणं आलं. मुलीच्या घरात बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि चिमटे लावून फोटो टांगले होते. दोनशे बारा. सगळे करडे. काही फिके करडे, काही गडद करडे, काही जरा मधले. गाठींचा एकेक तंतू दिसत होता, हे मान्य केलं पाहिजे.

एक बाळ रडत होतं.

जावई म्हणाला, "काय काका? पोत बघा. पीळ बघा."

दादा पहिल्या दोरीपासून शेवटच्या दोरीपर्यंत गेला आणि परत आला. "रंग कुठे आहेत?"

"तेच तर! रंग काढून टाकले की दोरा बोलायला लागतो."

"काय बोलतो?"

मुलगी पुढे आली, कडेवर रडणारं बाळ, केस विस्कटलेले. "अहो, काकांना रंग जुळवायचे होते! त्यांचं पोट आहे त्याच्यावर! दोनशे बारा फोटो काढलेत आणि हे तुमच्या डोक्यात आलं नाही?"

"मग तसं सांगायचं ना आधी," जावई म्हणाला. त्याचा चेहरा खरोखरच दुखावलेला होता. "नुसता रंगच हवा होता तर ते काम कोपऱ्यावरचा फोटोवालाही करतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोललो ते लिहायला लाज वाटते. मी म्हटलं, "फोटो मात्र सुरेख आलेत हं."

दुसऱ्या दिवशी दादा रंगखान्यात गेला, मी बरोबर. नव्या मॅनेजरला तो म्हणाला, एक तासभर ती वही बघू द्या, इथेच बसून, तुमच्यासमोर. मॅनेजर चांगला बोलला. "ती जाडी वही होय? ती जुन्या पिंपांबरोबर भंगारात गेली. पहिल्याच दिवशी. आमच्या यंत्रात सगळे आकडे आहेत आता."

"मग यादीत कशाला धरली होती?"

"यादीत सगळंच असतं आजोबा. खराटेसुद्धा होते."

आम्ही चालत घरी आलो. बोटभर दोरा कापून घेऊ असं मी म्हटलं होतं, त्याची मी आठवण काढली नाही आणि त्यानेही काढली नाही.

दोन महिन्यांनी मंडळाचं प्रदर्शन भरलं. जावयाने निवडक चाळीस गाठी मोठ्या करून लावल्या होत्या आणि त्यांना नाव दिलं होतं 'मौन'. मौन एक, मौन दोन, असं चाळीसपर्यंत. दादाला यायचं नव्हतं, पण मुलीने गळ घातली म्हणून आला. लोक हात पाठीमागे बांधून फोटोंसमोर उभे राहत, मान तिरकी करत आणि पुढे सरकत. दादा मौन अकरासमोर थांबला. "हा सत्त्याऐंशी," तो मला म्हणाला. "गाठ माझी आहे. उजवीकडून घातलेली." मग तो डोळे मिटून उभा राहिला. बऱ्याच वेळाने उघडले. "येत नाही रे," म्हणाला. "निळा होता हे माहीत आहे. हिरवा होता हे माहीत आहे. पण दिसत नाही."

मंडळातला तो काळ्या सदऱ्यावाला तिथेच घुटमळत होता. त्याने अदबीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला यात काय दिसतं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

त्या गृहस्थाने मान डोलावली, खिशातून चिटोरं काढलं आणि ते लिहून घेतलं. पुढे त्यांच्या मासिकात हे वाक्य छापून आलं म्हणे, एका सामान्य रसिकाची दाद म्हणून. जावयाला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं सायकलीला.

हंडे दादाने मांडलेच. पडदेवाला आला आणि त्याने सत्त्याऐंशी मागितला. दादाने चार वेळा लडी काढल्या. मी पिळल्या, वाळवल्या, त्याच्या हातात दिल्या. माझ्या डोळ्यांना त्या चारही सुंदर वाटल्या. तो उन्हात धरायचा, सावलीत धरायचा, आणि म्हणायचा, "जवळ आलंय की लांब गेलंय, तेच कळत नाही. कशाच्या जवळ, तेच नाही ना." पडदेवाल्याने पाचव्यांदा वाट पाहिली नाही. तो यंत्राकडे गेला. गालिचेवालेही गेले.

मग लोक विटलेल्या पँटी आणि कोट घेऊन येऊ लागले, काळे करून द्या म्हणून. काळ्याला नमुना लागत नाही. माणूस काळा मागतो आणि काळा घेऊन जातो. दोन्ही हंड्यांत काळाच रंग उकळू लागला. दादाची नखं पहिल्यांदाच सगळी एका रंगाची झाली.

एकदा जावई बाळांना घेऊन आला होता. हंड्यांजवळ उभा राहिला, वाळत घातलेल्या काळ्या कपड्यांच्या रांगेकडे कौतुकाने पाहिलं, आणि म्हणाला, "बघा काका, शेवटी तुम्हीही आमच्याच वाटेला आलात!" तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच आनंद झाला होता.

मी पिळायला घेतलेला कोट खाली ठेवला. दादाने मात्र ढवळणं थांबवलं नाही. "आलो खरा," तो म्हणाला. "पण जावईबापू, तुमच्या काळ्यासमोर लोक मान डोलावतात. माझ्या काळ्यात पाय घालून कामावर जातात. जरा मागे सरा, अंगावर उडेल."

जावयाने कॅमेरा डोळ्याला लावला आणि त्याचा फोटो काढला. या वेळी मी "वा" म्हटलं नाही.

त्यानंतर दादा तीन वर्षं जगला. थंडीच्या शेवटी, एका मंगळवारी सकाळी, चूल पेटवायच्या आधी तो गेला. तेव्हा त्याला एकोणऐंशीवं वर्ष चालू होतं.