शेवटची सीट

विमान कंपनी आपली म्हणायला. होतं काय, तर पंख्याचं एक छोटं विमान, पत्र्याची शेड आणि बड्या कंपनीतली पायलटकी सोडून हा खटाटोप मांडून बसलेला तिचा नवरा. दोन आडगावांच्या मध्ये म्हणे विमान उडवणार! नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. ती मात्र कंबर कसून त्याच्या पाठीशी उभी राहिली.

सुरुवातीला प्रवासी म्हणून चिटपाखरू नसायचं. पुढे दोन पायलट बसले आणि मागे कुणीच नसलं, की असलं विमान नाकाकडे जड होतं. शेपटीकडे वजन लागतं. "अगं, तूच चल ना," नवरा म्हणाला, "शेवटच्या सीटवर बस." झालं! बाईसाहेब रोज निघाल्या. पिशवीत दोघांचा डबा आणि त्याच्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर.

उड्डाणाआधी तो वाकत वाकत मागे यायचा, तिचा पट्टा दोनदा ओढून बघायचा आणि विचारायचा, "बसलीस ना नीट?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढ्या काळजीनं त्यानं तिला कधी काही विचारलं नव्हतं. खोटं कशाला सांगा, त्या दोन हिसक्यांसाठीच ती अंगात ताप असला तरी हजर व्हायची. पलीकडे उतरलं की पंखाच्या सावलीत दोघं जेवायची आणि हा अबोल माणूस भडाभडा बोलायचा.

मग कंपनीनं बाळसं धरलं. सीटा भरू लागल्या, दुसरं विमान आलं, तिसऱ्याची बोलणी सुरू झाली. तिला कुणी येऊ नकोस म्हणालं नाही. जागाच उरली नाही. नवरा घरी यायचा तो फोन कानाला लावूनच. दिवसभर घर तिला खायला उठायचं. स्वेटरची एक बाही तशीच राहिली होती.

एकदा त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून तिला कळलं, उद्याची सकाळची फेरी जवळजवळ रिकामी जाणार. तिला कोण आनंद झाला! सकाळी उठून दोघांचा डबा भरला, बस पकडली आणि विमानतळ गाठला.

काउंटरवरच्या नव्या मुलीनं अडवलं. "मावशी, तिकीट?"

"अगं, त्यांना कसलं तिकीट मागतेस?" जुना मेकॅनिक धावत आला. "वहिनी आहेत त्या. चला वहिनी."

ती शिडी चढली. शेवटच्या सीटवर वाळूच्या दोन गोण्या होत्या. नवरा पाठमोरा वाकून त्यांना पट्टा बांधत होता. त्यानं पट्टा दोनदा ओढून पाहिला, गोणीवर थाप मारली आणि म्हणाला, "बसलीस ना नीट?"

मेकॅनिक खो खो हसला. हसावं लागलं म्हणून तीही हसली.

नवरा वळला. "अरे, तू? अगं, आता कशाला? केवढा त्रास दिला मी तुला तेव्हा! बघ, वाळूची सोय केली." अगदी मायेनं म्हणाला हो, तेच तर तिला लागलं.

"डबा द्यायला आले होते," ती म्हणाली.

दोघांचा डबा त्याच्या हाती देऊन ती उतरली आणि कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. विमान धावलं, आणि ती मागे बसायची तेव्हा उचललं जायचं तसंच, अगदी अलगद उचललं गेलं.